विचारून भरलेले रंग

१२ जुलै २०२२ ची संध्याकाळ. जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेली चित्रं एकेक करून जाहीर होत होती आणि मी ऑफिसचं काम बाजूला सारून लॅपटॉपसमोर बसलो होतो. कॅरिना तेजोमेघाचं चित्र आलं तेव्हा मात्र राहवेना. तांबूस ढगांचे डोंगर, वर निळं आकाश आणि त्यात विखुरलेले असंख्य तारे! मी बाबांना हाक मारली.

आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बाबा फारसे बोलत नसत. भिंतीवरचा तिचा फोटोही त्यांनी काढून कपाटात ठेवला होता.

ते आले, चष्मा सारखा करून बराच वेळ पाहत राहिले. मग विचारलं, "रंग खरे की भरलेले?"

मी जरा ओशाळलो. खरं उत्तर होतं, भरलेले. ही दुर्बीण मुख्यतः अवरक्त प्रकाश टिपते. तो आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. वेगवेगळ्या फिल्टरमधून आलेली चित्रं मुळात करड्या छटांची असतात. रंग नंतर इथे पृथ्वीवर भरतात.

बाबा काही न बोलता आत गेले. येताना त्यांच्या हातात आईचा फोटो होता, लग्नातला.

तरुणपणी बाबा वडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका स्टुडिओत काम करत. काळ्या-पांढऱ्या फोटोंत बारीक ब्रशने रंग भरणं हे त्यांचं काम. "गिऱ्हाईकाला विचारून लिहून घ्यायचो," ते म्हणाले. "साडी कोणती, काठ कसला. हिचा शालू तर समोर ठेवून रंगवलाय. मनाने भरला असता, तर तो फोटो खोटा झाला असता. तुझ्या या लोकांनी कुणाला विचारलं?"

मग मी सांगितलं. प्रत्येक फिल्टरमधून किती लांबीच्या लहरी आल्या याची नोंद असते. सर्वांत आखूड लहरींना निळा, सर्वांत लांब लहरींना लाल, मधल्यांना मधले रंग. क्रम प्रकाशाचाच, फक्त आपल्याला दिसेल अशा पट्ट्यात आणलेला. शिवाय अवरक्त प्रकाश धुळीतून बराचसा आरपार येतो, म्हणून ढगाआड नुकते जन्मलेले तारेही इथे दिसतात. हा प्रकाश तिथून निघाला त्याला साडेसात हजारांहून जास्त वर्षं झाली.

"म्हणजे प्रकाशालाच विचारलं," बाबा म्हणाले. "मग ठीक आहे."

"पण उजेड किती ठेवायचा, काय उठून दिसायला हवं, हे माणसंच ठरवतात," मी प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

बाबा कितीतरी दिवसांनी हसले. फोटोतल्या आईच्या गालावर बोट ठेवून म्हणाले, "ही लाली मी माझ्या मनाने भरली होती. ती म्हणाली होती, इतकी कुठे मी लाजले!"

त्या रात्री आम्ही जेवणं विसरून उरलेली चित्रं पाहिली. प्रत्येक चित्राला बाबांचा प्रश्न तोच, "इथे लाल म्हणजे काय? निळं कशाला दिलंय?" मी शोधून सांगत होतो. नुसतं "वा! काय सुंदर!" म्हणून पुढे सरकण्यापेक्षा, असं विचारत पाहिलं की ती चित्रं अधिकच सुंदर दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तर आईचा फोटो पुन्हा भिंतीवर होता.