वन बीएचकेमधलं बंदर

बाबांनी बोट विकली, त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तो विषय काढायचाच नाही, असा घरातला अलिखित नियम. बाबा कोळीवाड्यात, मी ठाण्यात. म्हणून गुपचूप तिचं मॉडेल केलं. बोट 48 फुटी, स्केल 1:24, म्हणजे मॉडेल चक्क दोन फूट! शोकेसमध्ये मावेना. मग म्हटलं, बंदरच बांधू या. 1875 च्या ससून डॉकसारखं, दगडी.

तीन वीकेण्ड गेले. थर्माकोलमध्ये बोटीचा आकार कापून तिचं पोट खाली दडवलं, म्हणजे ती तरंगल्यासारखी दिसते. पाणी निळं नाही हं, गढूळ हिरवं. त्यावर वॉर्निशचे पातळ थर. धक्क्याला खेळण्यातल्या गाड्यांचे टायर, दगडांवर शेवाळ. एकदम झकास!

बाबा आले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता डोळे पुसणार. तर म्हणाले, ''शेवाळ उघडं पडलंय म्हणजे ओहोटी. मग बोट धक्क्याच्या बरोबरीला कशी?''

लोच्या! मुंबईत उधाणाच्या दिवसांत पाणी चार मीटरही उतरतं. माझ्या स्केलवर सुमारे 17 सेंटिमीटर. म्हणजे अख्खा धक्का उंच करायचा.

शनिवारी बाबा पिशवीत करवत घेऊन हजर. भिंत चढवता चढवता बोलत होते... ओहोटीला भरलेली टोपली खालून वर कशी द्यायची, पाय नेमका कुठे घसरतो. बोट विकल्यापासून पहिल्यांदाच.

शिडी अजून व्हायचीय. ती बाबाच करणार. मी केलेली त्यांना चालत नाही.