खाटेच्या दोन बाजू

आमच्या हाताखालून बारावी झालेलीं कांहीं मुलें दरवर्षीं वैद्यकीय महाविद्यालयांत जातात. आम्ही शिकवितों इंग्रजी. तेव्हां त्यांच्या यशांत आमचा वांटा नांवालाच. तरीहि दिवाळींत तीं भेटावयास येतात, आणि त्यांच्या चर्येवरील फरक आमच्या लक्षांत येतो. पहिल्या वर्षीं शवविच्छेदनाच्या टेबलाची शिसारी. दुसऱ्या वर्षीं जो रोग वाचावा तो आपणांसच जडल्याचा भास. आणि पुढें एक प्रकारचें मौन. पहिल्या दोहोंविषयीं तीं हंसत बोलतात. तिसऱ्याविषयीं बोलत नाहींत.

ह्या मनस्तापाचें खापर लोक अभ्यासावर आणि जागरणावर फोडतात. तें अगदींच खोटें नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाचा अहवाल २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. पदवीच्या २५,५९० विद्यार्थ्यांनीं त्याच्या प्रश्नावलीस उत्तरें दिलीं आणि त्यांपैकीं २७.८ टक्क्यांनीं आपणांस मानसिक विकार असल्याचें सांगितलें. उत्तरें स्वेच्छेचीं, म्हणून आंकडा जपून वापरावा. पण अर्ध्यावर आणला तरी तो लहान होत नाहीं. मात्र जागरण रात्रपाळीचा कामगारहि करतो. आमच्या मतें ह्या मुलांचें दुःख ऋणकोचें आहे. रोग्याकडून तीं सारें घेतात. त्याची हकीकत, त्याची नाडी, चारचौघांत पोट उघडें करण्याची त्याची लाज. आणि मोबदला देण्यास त्यांच्याजवळ अद्याप कांहींच नसतें. औषध लिहून देण्याचाहि अधिकार नसतो.

सर विल्यम ऑस्लर ह्यांनीं १८८९ सालीं फिलाडेल्फियांत पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांना चित्ताची अविचलता शिकविली. उपदेश उत्तम, पण तरुण मुलें त्यांतला चेहरा तेवढा उचलतात आणि निर्विकारपणा पांढऱ्या कोटाप्रमाणें अंगावर चढवितात. बोस्टनच्या फ्रान्सिस पीबॉडी ह्यांचें १९२७ सालीं छापलेलें व्याख्यान आम्हांस अधिक जवळचें वाटतें. रोग्याविषयीं आस्था वाटल्यावांचून त्याची काळजी घेतां येत नाहीं, असा त्याचा आशय. त्याच वर्षीं पीबॉडी स्वतः कर्करोगानें वारले.

२०२३ सालीं न्यूमोनियानें आम्ही अशाच एका महाविद्यालयाच्या रुग्णालयांत बारा दिवस पडून होतों. शेजारच्या खाटेवर जुन्नरकडचे एक शेतकरी होते. वय साठीच्या पुढें, पानथरी बेंबीच्या खालीं उतरलेली. असें पोट म्हणजे परीक्षा जवळ आलेल्या मुलांना पर्वणीच! सकाळपासून एकामागून एक येत आणि बोटें रुतवीत. बाबांनीं कधीं तक्रार केली नाहीं. उलट घाबरलेलें पोर दिसलें कीं ते हळूच म्हणत, "लेकरा, तिथं नव्हं. पार खालनं सुरू कर, मंग वर ये." आणि प्राध्यापकांची पाठ वळली कीं ओठांतल्या ओठांत, "मायलोफायब्रोसिस." उच्चार निर्दोष. आमच्या वर्गांत इतका शुद्ध उच्चार क्वचित् ऐकूं येतो.

एका संध्याकाळीं एक विद्यार्थिनी पेरू घेऊन आली. तिची परीक्षा आटोपली होती आणि पेपर बाबांच्या कृपेनें चांगला गेला होता. बाबांनीं पेरू उशाशीं ठेवले आणि विचारलें, "ताई, त्या नावाचा अर्थ काय वो?"

तिला अर्थ ठाऊक होता. हाडांतील मज्जेची जागा तंतु व्यापतात, रक्त घडविण्याचा भार पानथरीवर पडतो आणि ती वाढत जाते. पुढें काय होतें तेंहि तिनें नुकतेंच परीक्षकांस सांगितलें होतें. पण रोग्यास त्याचें निदान सांगणें हा तिचा अधिकार नव्हे. ती उभीच राहिली. आम्ही वर्तमानपत्र तोंडापुढें धरलें. त्या वेळीं तिच्याकडे पाहणें निष्ठुरपणाचें झालें असतें. अखेर "सरांना विचारून सांगते, बाबा," एवढेंच म्हणून ती गेली.

बहुतेकांची गोष्ट येथेंच संपते, आणि तें मौन बहुधा येथेंच सुरू होतें. ती मात्र दुसऱ्या दिवशीं निवासी डॉक्टरांना घेऊन आली. आदल्या सकाळपासून ते घरीं गेलेले नव्हते. डोळे लाल, बोलणें तुटक. उभ्याउभ्या त्यांनीं दहा मिनिटें दिलीं, आणि त्या दिवसाच्या मानानें तीं पुष्कळ होतीं. ते गेल्यावर ती खाटेच्या कडेवर बसली आणि सारें पुन्हां पहिल्यापासून सांगूं लागली. बाबांनीं दोनच प्रश्न विचारले. नातवंडांना हा रोग होईल का? सहसा होत नाहीं, असें तिनें ठामपणें सांगितलें. ऊस तुटायच्या वेळीं घरीं असूं का? त्याचें उत्तर तिला देतां आलें नाहीं, आणि तसें तिनें स्पष्ट कबूल केलें. २०१९ पासून रोग्याशीं कसें बोलावें हा भाग अभ्यासक्रमांत आला आहे, ही आनंदाची गोष्ट. पण तो अर्धा तास कोणत्याहि वेळापत्रकांतला नव्हता. तिच्या झोपेंतला होता.

दोन दिवसांनीं नवी तुकडी आली. बाबांनीं नेहमीप्रमाणें नांव सांगितलें आणि मग विचारलें, "अर्थ ठावा हाय का?" पोरें एकमेकांकडे पाहूं लागलीं. बाबांनीं जवळच्या मुलाचा हात धरून त्याला खाटेवर बसविलें आणि मज्जेपासून सुरुवात केली.