मध हवा, मग माशीची भीती कशाला?

महाबळेश्वरला गेलेलं कुटुंब परतताना मधाची बाटली आणल्याशिवाय राहत नाही. पण तो मध देणाऱ्या माशीजवळ जायचं म्हटलं, की भल्याभल्यांची पाचावर धारण बसते! ही भीती घालवायची असेल, तर पुढच्या सहलीत थोडी वाट वाकडी करून जवळच्या मांघरला जा. २०२२ साली हे गाव देशातलं पहिलं 'मधाचं गाव' ठरलं. इथे बहुतेक कुटुंबं मधमाश्या पाळतात. डोंगरउतारावर शेतजमीन बेताचीच. पण पेटीला जागा लागते हातभर, आणि जांभूळ, हिरडा, कारवी रानात आपोआप फुलतात.

आपल्याला धास्ती असते ती खरं तर आग्या माशीची. उंच झाडावर किंवा कड्यावर ती एकच मोठं, उघडं पोळं बांधते. चिडली तर थव्यानं पाठीस लागते. पेटीत पाळतात ती मात्र सातेरी. ती आकारानं लहान आणि स्वभावानं पुष्कळ शांत. एरवी झाडाच्या ढोलीत, अंधारात राहणारी, म्हणून पेटीतही रमते.

अर्थात सातेरीही डंख करते. पण कामकरी माशीची काटेरी नांगी आपल्या कातडीत अडकली, तर तिचा जीवच जातो. त्यामुळे घर धोक्यात आल्याशिवाय ती सहसा त्या वाटेला जात नाही. नर माशीला तर नांगीच नसते.

नवख्यानं काही गोष्टी सांभाळाव्यात. कपडे फिकट रंगाचे, तोंडावर जाळी, अत्तर मुळीच नको. पेटीच्या दारासमोर न थांबता बाजूला उभं राहावं आणि हालचाली सावकाश कराव्यात. डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. इतर माश्यांना तो धोक्याचा इशारा असतो. पेटी उघडण्यापूर्वी हलका धूर देतात, तो हा इशारा झाकण्यासाठी.

डंख झालाच, तर हात झटकू नका. शांतपणे दूर व्हा आणि नांगी लगेच नखानं खरवडून काढा, कारण तिच्या पिशवीतून विष आत जातच राहतं. मग बर्फ लावा. थोडी सूज, थोडी आग होणारच. मात्र श्वास लागला, चेहरा सुजला, चक्कर आली किंवा अंगभर गांधी उठल्या, तर क्षणही न दवडता दवाखाना गाठा. पूर्वी असा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेटीजवळ जाऊच नये.

हे सारं शिकवणाऱ्या संस्थाही आपल्याकडे जुन्या आहेत. महाबळेश्वरचं मध संचालनालय १९४६ पासूनचं, तर पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ मधली. पहिली पेटी घेण्याआधी जाणत्या माणसाशेजारी उभं राहून दोन-चार पेट्या उघडताना पाहा. हाताचा कंप तिथेच कमी होतो.