पाण्यातली होडी

आमच्या घराच्या पाठीमागे काजळी नदीची खाडी आहे. ती पुढे भाट्याला समुद्राला मिळते. खाडीच्या काठी खुंटाला आमच्या आजोबांची होडी बांधलेली असते. पूर्वी आजोबा या होडीतून माणसांना पलीकडे सोडत. पूल झाला आणि तर बंद झाली. आता होडीच्या फळ्या कुजल्या आहेत. बाबा म्हणाले, "शिमगा झाला की मोडून टाकू. यंदाचा पाऊस ती काढायची नाही." म्हणून मी ठरवले, त्याच्या आधी होडीचे चित्र काढायचे, आणि तेही समोर बसून.

पण ओहोटीला आमची होडी चिखलात कलंडते. भरती आली तरच ती उभी राहते आणि तिचे प्रतिबिंब दिसते. आजोबांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तितके वाजता पूर्ण भरती. त्या रविवारी द्वादशी होती. बाराची पाऊणपट नऊ. मी आठ वाजताच पाट घेऊन बसले. रंगासाठी पाणी मात्र घरून तांब्यात नेले, कारण खाडीचे पाणी गढूळ. एवढी खाडी समोर आणि पाणी विहिरीचे! आई हसत सुटली.

सगळ्यांना वाटते पाणी निळे रंगवायचे. आमची खाडी मला तरी कधी निळी दिसली नाही. काठाला ती माडांसारखी हिरवी, मध्ये आभाळासारखी आणि होडीखाली काळी. गुरुजी म्हणतात, पाणी रंगवू नका, पाण्यात जे दिसते ते रंगवा. मग मी नीट बघितले. आमच्या काठचा माड डावीकडे झुकलेला आहे. पाण्यातला माडसुद्धा डावीकडेच झुकतो, फक्त त्याचा शेंडा खाली जातो. होडीचा पांढरा पट्टा पाण्यात थोडा मळकट दिसतो आणि डांबर लावलेला भाग थोडा फिका.

पाण्याच्या रंगात थांबायला लागते. सकाळच्या दमट हवेत कागद लवकर सुकत नाही. घाई केली तर होडी आणि माड एकमेकांत मिसळतात. रंग अर्धवट ओला असताना कोरड्या ब्रशने आडवी रेघ पुसून घ्यायची, की पाणी हलल्यासारखे वाटते. ऊन चमकते तिथे कागद कोराच ठेवायचा.

गुरुजींनी आम्हांला प्र. अ. धोंड यांची समुद्राची चित्रे दाखवली. ते १९०८ साली जन्मले आणि २००१ साली वारले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे ते प्रमुख होते. त्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला 'रापण' नाव दिले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, हे मला गुरुजींनी सांगायच्या आधीच ठाऊक होते!

साडेदहाला पाणी उतरायला लागले. होडी कलंडली आणि माझे चित्र अर्धे राहिले. पुढच्या रविवारी चतुर्थी आली, म्हणजे भरती तीन वाजता. गेले तर ऊन पाठीमागे आणि पाणी वेगळेच! सकाळचे चित्र त्यात कसे पुरे करणार? मग आणखी एक रविवार थांबले. त्या दिवशी एकादशी, म्हणजे सव्वाआठची भरती. शिमग्याला चारच दिवस उरले होते.

सकाळी गेले तर होडीतले पाणी उपसलेले होते. पडवीत टांगलेली दोन्ही वल्ही होडीत आडवी ठेवली होती. त्यांची टोके बाहेर आली होती. आजोबा बांधावर बसले होते. म्हणाले, "बाय, वल्ह्यांशिवाय होडी कसली गो?" पाणी उतरेपर्यंत ते तिथेच बसून होते. मध्ये काहीच बोलले नाहीत.

चित्र इथेच शेजारी लावले आहे. त्यात वल्ही चार दिसतील. दोन होडीतली आणि दोन पाण्यातली.