शर्यत आणि सोबत

डोंगरवाटांवर सायकल चालवणाऱ्यांचा क्लब कुठल्याही गावचा असो, त्यात एक वाद ठरलेला असतो. काही सभासदांना क्लब हवा असतो तो शर्यतीसाठी. घड्याळ, क्रमांक, मागच्या खेपेपेक्षा कमी झालेली दोन मिनिटं यांत त्यांचा जीव असतो. बाकीच्यांना हवी असते रविवारची सोबत. सात-आठ जणांनी पहाटे निघावं, खिंडीत थांबून खाऊ वाटून घ्यावा, उन्हं तापायच्या आत घरी परतावं, एवढ्यावर ते खूश असतात. रविवारच्या राइडचा वेग ठरवायची वेळ आली की दोन्ही बाजूंचा आवाज चढतो. वेगवान मंडळी म्हणतात, रेंगाळायचं तर क्लब कशाला हवा? संथ मंडळी म्हणतात, मागच्याला टाकून जायचं तर क्लब कशाला हवा? या वादात मला एक बाजू स्पष्टपणे घ्यावीशी वाटते. शर्यत क्लबला धार लावते, पण क्लब जगतो तो सोबतीच्या राइडवर. दोन्हींत ओढाताण झालीच, तर झुकतं माप राइडला मिळालं पाहिजे. आणि शर्यतीवर जीव असलेल्यांनीही हेच मागावं, कारण त्यांचं हित यातच आहे.

या खेळाचा जन्म पाहिला तर त्यात शर्यत आणि सोबत दोन्ही जवळजवळ एकाच वेळी सापडतात. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटी आहे. तिथल्या माउंट टॅमलपायसच्या परिसरात १९७०च्या दशकात काही तरुण दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जाड टायरच्या, वजनदार सायकली भंगारातून उचलून उतारावर पिटाळत असत. त्यांतले चार्ली केली आणि गॅरी फिशर व्हेलो क्लब टॅमलपायस या रस्त्यावरच्या शर्यतींच्या क्लबचे सभासद होते. सर्वांत वेगवान कोण, हा तंटा एकदाचा मिटवावा म्हणून ऑक्टोबर १९७६ मध्ये त्यांनी एका उतारावर वेळ लावून शर्यत घेतली. उतार सुमारे साडेतीन किलोमीटरचा आणि त्यात जवळपास चारशे मीटरची घसरण. खाली पोचेपर्यंत मागच्या हबमधलं ग्रीस ब्रेकच्या उष्णतेनं जळून जायचं आणि हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचंच नाव पडलं 'रिपॅक'. एका शर्यतीत तंटा मिटला नाही. १९८४ पर्यंत तिथे दोन डझनांच्या आसपास शर्यती झाल्या आणि फिशरची ४ मिनिटं २२ सेकंदांची वेळ विक्रम म्हणून राहिली. पण शर्यतीचं खरं फळ त्या आकड्याच्या पलीकडचं आहे. जुन्या सांगाड्यांना ते दणके सोसेनात. म्हणून जो ब्रीझ यानं १९७७ मध्ये खास या कामासाठी नवी फ्रेम बांधली. वेगाच्या ईर्ष्येनं सायकल सुधारली, हे शर्यतीचं ऋण कुणालाच नाकारता येणार नाही.

रिपॅकची पहिली शर्यत झाली त्याच वर्षी, म्हणजे १९७६ मध्ये, कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूट या खाणकामगारांच्या जुन्या गावात दुसरीच गोष्ट घडली. गावातली एक टोळी तसल्याच जुनाट सायकली घेऊन, सुमारे १२,७०० फूट उंचीची पर्ल पास ही खिंड ओलांडून, पलीकडच्या ॲस्पेनला गेली. तिथे घड्याळ नव्हतं आणि क्रमांकही नव्हते. चढावर सायकली ढकलायच्या, वाटेत मुक्काम करायचा आणि सगळ्यांनी मिळून पलीकडे उतरायचं, एवढाच बेत होता. १९७८ मध्ये या सफरीला कॅलिफोर्नियातून पाच जण येऊन मिळाले. त्यांत केली, फिशर आणि ब्रीझ तर होतेच, शिवाय वेंडी क्रॅग होती. रिपॅकवर स्त्रियांमधला विक्रम तिच्या नावावर आहे आणि त्या दिवसांची पुष्कळशी छायाचित्रंही आपल्याला तिच्या कॅमेऱ्यामुळे पाहायला मिळतात. मरिनच्या सायकलींना गिअर बसवलेले होते. गावकरी जिथे सायकल ढकलत होते, तिथे पाहुणे बसून चढत होते. शर्यतीच्या गावात तयार झालेली विद्या दुसऱ्या डोंगरापर्यंत पोचली ती बिनशर्यतीच्या सफरीतून. शर्यतीत प्रतिस्पर्ध्यानं ब्रेकची कोणती तार बसवली, हे विचारायला उसंत नसते. मुक्कामावर शेकोटीपाशी बसलं की सायकल उलटी करून दाखवली जाते. ज्ञान शर्यतीत पारखलं जातं, पसरतं मात्र सोबतीत. मी राइडला झुकतं माप द्या म्हणतो त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण सोबतीच्या राइडमध्ये नेमकं काय घडतं ते जवळून पाहिल्यावर कळतं. सह्याद्रीतल्या पायवाटांना पावलोपावली ढोरवाटा फुटतात आणि पावसानंतरच्या गवतात खरी वाट कोणती हे जाणत्यालाही चटकन उमगत नाही. म्हणून चांगल्या क्लबात प्रत्येक फाट्यावर लीडरच्या मागचा एक जण उभा राहतो, सगळे पुढे गेले की शेवटच्याबरोबर निघतो, आणि पुढच्या फाट्यावर ही पाळी दुसऱ्याची असते. सर्वांत मागे एक अनुभवी माणूस असतो, त्याच्याकडे पंप, जादा ट्यूब, चेन जोडायची कडी आणि प्रथमोपचाराची पिशवी असते. आपल्याकडच्या ट्रेकिंग गटांना पुढचा आणि मागचा जाणता माणूस नेमण्याची रीत चांगली परिचयाची आहे. पण खरी कसोटी लागते ती चढ संपल्यावरच्या थांब्यावर. पुढचे दहा मिनिटं बसलेले असतात, त्यांचं पाणी पिऊन झालेलं असतं, अंग गार पडू लागलेलं असतं. शेवटचा माणूस वळणावर दिसला रे दिसला की त्यांचे पाय पेडलवर जातात. म्हणजे विश्रांतीची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्याच वाट्याला ती येत नाही. उलट तो सगळ्यांपेक्षा जास्त दमतो आणि पुढच्या उतारावर, हात थरथरत असताना, पडतो. जाणता लीडर शेवटचा पोचल्यावर घड्याळ सुरू करतो, त्याची धाप बसू देतो आणि मगच निघतो. पाच मिनिटांची ही रीत पाळली की नवखा पुढच्या रविवारी परत येतो. ती मोडली की तो कुणालाही काही न सांगता येणं थांबवतो. हजेरीच्या वहीत एक नाव कमी होतं आणि पुढे जाऊन तोच चांगला शर्यतपटू झाला असता का, हे कधीच कळत नाही.

यावर शर्यतवाल्यांचा आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, वेगाशिवाय वेग येत नाही. सगळ्यांनी सर्वांत संथ माणसाच्या चालीनं जायचं ठरवलं तर क्लबातून चांगला खेळाडू निघणार कसा? १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या दुरँगो इथे या खेळाची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळालं, २०२३ मध्ये केरळातल्या पोनमुडीला आशियाई स्पर्धा भरली. एवढं मैदान खुलं असताना आपल्या मुलामुलींनी गप्पांच्या राइडवर समाधान मानावं का? माझं उत्तर असं की वेगाचा सराव वेगळ्या दिवशी, वेगळ्या गटात जरूर व्हावा. क्लबानं त्यासाठी वेळ आणि प्रशिक्षक दोन्ही द्यावेत. पण जागतिक पातळीवरच्या शर्यतीचे नियम गावच्या शर्यतीला जसेच्या तसे लावू नयेत. क्रॉस कंट्री प्रकारात अव्वल गटासाठी एक नियम आहे. सर्वांत पुढच्या स्वाराच्या पहिल्या फेरीच्या वेळेच्या तुलनेत जो ऐंशी टक्क्यांच्या मर्यादेबाहेर मागे पडतो, त्याला शर्यतीतून बाहेर काढलं जातं. अरुंद वाटेवर पुढच्यांना अडथळा होऊ नये म्हणून त्या पातळीवर तो योग्यच आहे. गावच्या शर्यतीत मात्र तोच नियम पहिल्यांदा नंबर लावून उतरलेल्याला सगळ्यांसमोर घरी पाठवतो. याच्या अगदी उलट वाट अमेरिकेतल्या शालेय लीगनी धरली. उत्तर कॅलिफोर्नियात २००१ मध्ये पहिली लीग सुरू झाली, २००९ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिथे राखीव खेळाडूंचा बाक नसतो. नाव नोंदवलेला प्रत्येक विद्यार्थी शर्यतीत उतरतो आणि संघाच्या गुणांत मुलींचे गुणही धरले जातात. पाया रुंद ठेवला म्हणून तिथल्या शर्यती बुळ्या झाल्या नाहीत, व्यावसायिक खेळाडूही त्याच शाळांतून पुढे आले. शिखर उंच हवं असेल तर चौथरा रुंद लागतो, हे शर्यतीवर प्रेम करणाऱ्यांनीच सर्वांत आधी ओळखायला हवं.

दुसरा आक्षेप असा की मागच्यासाठी थांबणं म्हणजे त्याला परावलंबी करणं. डोंगर कुणाचे लाड करत नाही, तेव्हा क्लबानंही करू नयेत. या म्हणण्यात तथ्य आहे ते इतकंच की सोबत म्हणजे दुसऱ्याचं काम आपण करून टाकणं नव्हे. पंक्चर झालं तर ट्यूब ज्याची त्यानं बदलावी, बाकीच्यांनी शेजारी उभं राहून सांगावं. असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी सांगावं लागत नाही. उतारावर कंबर सीटच्या मागे न्यायची, पेडल समपातळीत ठेवायचे, नजर चाकासमोरच्या दगडावर न खिळवता पुढच्या वळणावर ठेवायची, हे पुस्तकातून येत नाही. पुढच्याची चाक टाकण्याची जागा पाहत मागून उतरल्यावरच ते अंगी बाणतं. त्यासाठी पुढचा नजरेच्या टप्प्यात असावा लागतो. मोबाइलला रेंज नसलेल्या दरीत चेन तुटून एकटा पडलेला माणूस स्वावलंबन शिकत नसतो, तो फक्त घाबरलेला असतो. आणि हा खेळ महागड्या सायकलींचा, ठरावीक थरातल्या पुरुषांचा होऊ नये असं वाटत असेल, तरी उपाय पुन्हा सोबतीतच आहे. साध्या सायकलवर आलेल्या मुलाला किंवा एकटीनं डोंगरात जायला कचरणाऱ्या बाईला शर्यतीची जाहिरात आत आणत नाही. 'रविवारी आमच्याबरोबर चला' या निमंत्रणानं ती येतात.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र क्लबाबाहेरचा आहे: चाकांनी डोंगर झिजतो, मग जास्त माणसं आणायचीच कशाला? मरिनमध्ये हाच प्रश्न ऐंशीच्या दशकात टोकाला गेला. चालणारे आणि घोडेस्वार चिडले, अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या, रुंद वाटांवर ताशी सुमारे चोवीस किलोमीटरची मर्यादा आली आणि वनरक्षक वेग मोजायची रडार यंत्रं घेऊन उभे राहिले. ज्या डोंगरात खेळ जन्मला, तिथेच तो परका झाला. त्यातून शहाणे होऊन कॅलिफोर्नियातल्या क्लबांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन 'इम्बा' ही संघटना काढली आणि परवानगी असलेल्याच वाटेवर जा, खूण मागे ठेवू नका, चालणाऱ्याला आधी वाट द्या, असे नियम घालून घेतले. १९९४ मध्ये माँटानात झालेल्या एका अभ्यासात टापांनी आणि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी होते असं दिसलं. पण त्याचा आधार घेऊन आपण निर्धास्त होऊ नये, कारण आपली जमीन आणि आपला पाऊस वेगळा आहे. मुरमाच्या उतारावर नवखा स्वार घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबतो. चाक फिरायचं थांबून घसरत जातं आणि दोन बोटं खोल चर पडतो. जूनमध्ये पाणी त्याच चरातून धावतं, आणि दसऱ्याला जाऊन पाहावं तर तिथे पाय मावेल एवढी घळ झालेली असते. पठारांवरच्या सड्यांवर तर कातळावर मातीचा जेमतेम थर असतो. पावसाळ्यात तिथे उगवणाऱ्या इवल्या फुलझाडांवरून एक चाक जाणंसुद्धा फार झालं.

या आक्षेपाचं उत्तर एकट्यादुकट्या स्वाराकडे नाही आणि शर्यतीकडेही नाही. शर्यत एका दिवसाची असते, तिचं लक्ष घड्याळावर असतं. नवख्याला दोन्ही ब्रेक हलक्या हातानं कसे लावायचे हे शिकवणं, ओली वाट कोरडी होईपर्यंत राइड पुढे ढकलणं, टेकडीवर सकाळी फिरायला आलेल्या आजोबांसाठी सायकलवरून उतरून उभं राहणं, वनखात्याची रीतसर परवानगी घेणं, पावसाळ्याआधी दगड रचून पाण्याला वाटेबाहेर काढून देणं ही सगळी सवयीची कामं आहेत. सवय लागते ती आठवड्यामागून आठवडे एकत्र जाऊन. शर्यतीला दोनशे जण जमतील, पण पुढच्या रविवारी फावडं घेऊन जे पंधरा जण येतात, त्यांच्यामुळे वाट टिकते. आणि वाट टिकली तरच पुढच्या वर्षीची शर्यत होते.

म्हणून क्लब चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. शर्यती घ्या, चुरशीनं घ्या, जिंकणाऱ्याचं मनापासून कौतुक करा. पण वर्षअखेरीच्या अहवालात विजेत्यांच्या नावांखाली आणखी एक आकडा छापा: या वर्षी पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती जण अजून येताहेत? तो आकडा दर वर्षी वाढत असेल तर क्लब योग्य वाटेवर आहे. तो घटत असेल, तर कपाटात कितीही चषक जमले तरी रविवारच्या राइडचा वेग कमी करायची वेळ आली आहे.