मात्रा

आजी बाळगुटी उगाळायला बसली की मी वेढे मोजायचो. हिरड्याचे दोन, वेखंडाचा एकच, तोही हात राखून. आता मी पन्नाशीला आलो आणि माझी सहाण ३०० घनमीटरची आहे.

ही टाकी इचलकरंजीतल्या एका प्रोसेस हाऊसच्या सांडपाण्याची. सुती कापडावर रिॲक्टिव्ह रंग चढवताना मीठ आणि सोडा ओततात, तरी थोडा रंग धाग्याला सोडून पाण्याशीच जुळवून घेतो. एकदा पाण्याशी जुळलेला रंग पुन्हा धाग्याला लागत नाही, तो आमच्याकडे येतो. शिवाय कापडाची खळ उतरवलेलं पाणी. इथे जंतू ते खातात, आणि त्यांच्यातच पडद्याच्या नळ्या बुडवलेल्या असतात: शेवयांसारख्या, पोकळ, अंगावर ०.०४ मायक्रॉनच्या आसपासची छिद्रं. पंप आतून पाणी ओढतो, गाळ बाहेर राहतो. पूर्वी हा पडदा टाकीबाहेर असायचा आणि गाळ जोराने फिरवत ठेवण्यातच वीज संपायची. १९८९ साली जपानच्या काझुओ यामामोतो यांनी तो टाकीतच बुडवून दाखवला.

पाहुणे विचारतात, एवढ्या बारीक छिद्रांतून रंग कसा निसटतो? निसटतो, कारण रंगाचा रेणू त्याहून कितीतरी लहान. आणि छिद्रं बुजतात ती बहुतेक जंतूंनी स्वतःच सोडलेल्या बुळबुळीत द्रावाने. दोन्हींवर एकच उपाय मला मनापासून आवडतो, तो म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनची पूड. ती रंगही धरते, द्रावही. लिटरला एक ग्रॅम या हिशेबाने सुरुवातीला ३०० किलो. नंतर रोज १० घनमीटर गाळ काढला, तर त्याच्याबरोबर गेलेली १० किलो परत टाकायची, बस. हात, शर्ट, नाकपुड्या काळ्या होतात, पण गाळ सुधारतो. पडदे यायच्या आधी, १९७०च्या दशकात, डुपाँटने न्यू जर्सीतल्या आपल्या सांडपाण्यासाठी ही पूड जंतूंच्या टाकीत घालायला सुरुवात केली होती.

पॉलिमरचं मात्र वेखंडासारखं. धन भाराचं पॉलिमर त्या ऋण भाराच्या द्रावाला गोळा करून गाळाच्या कणांना चिकटवतं. कण मोठे होतात, पाणी सुटतं. पहिल्यांदा टाकलं तेव्हा पडद्यावरचा दाब दोन दिवसांत उतरला आणि मी शेफारलो. पुढच्या महिन्यात काळ्या रंगाची मोठी ऑर्डर चालू असताना दाब चढू लागला, तसा रात्रपाळीला मी डोस दुप्पट केला. आमचे ऑपरेटर मामा बादलीत हात घालून म्हणाले, "साहेब, ह्यो गाळ भुकेला न्हाई. ह्याला आता काय बी घालू नका."

मी घातलं. गाळाला नको असलेलं पॉलिमर जाणार कुठे? पडद्याचा पृष्ठभागही ऋण भाराचाच. सकाळपर्यंत ०.१ बारचा दाब ०.३५ झाला. नळ्या आधी हायपोक्लोराइटमध्ये भिजवल्या, मग साध्या पाण्याने खळखळून धुऊन सायट्रिक ॲसिडमध्ये (ही दोन द्रावणं एकत्र आली तर क्लोरीन सुटतो, ते मधलं धुणं कधी चुकवू नये). दोन दिवस वरचं काम बंद. मालक काही बोलले नाहीत. मामाही नाहीत, ते जास्त लागलं.

तेव्हापासून डोस मी कॅटलॉगवरून ठरवत नाही. टाकीतला गाळ मोजपात्रात घ्यायचा, फिल्टर पेपरवर ओतायचा, ठरावीक पाणी गळायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघायचं. मग चार ग्लासांत चार डोस घालून तेच. सेकंद कमी व्हायचे थांबले की त्याच्या आधीचा ग्लास आपला. फेरिक क्लोराइडही असंच तपासून पाहिलं; स्वस्त आहे, पण पीएच खाली ओढतं आणि लोखंडाचा गंज नळ्यांवर बसवतं, म्हणून मी ते अडीनडीलाच काढतो.

मिठावर यातली एकही मात्रा चालत नाही. ते आलं तसं पडद्यातून पलीकडे जातं. ते कमी करायचं तर डाइंग मास्टरने रंगाच्या भांड्यातच करावं, हे मी त्याला दर आठवड्याला सांगतो आणि तो दर आठवड्याला चहा मागवतो.

आत्ताच त्याचा फोन आला होता. उद्यापासून तीन दिवस मरून रंग. मामांनी न सांगता मोजपात्र धुऊन ठेवलंय.