खाचेचं गणित

अखेर आज पुठ्ठ्याची मांडणी उभी राहिली. ना डिंक, ना खिळा. पहिल्या खेपेला खाच पुठ्ठ्याच्या जाडीइतकीच, ४ मिलिमीटर आखली, आणि सांधा खुळखुळला. सुताराची करवत भुसा पाडते, तसा लेझरही कापताना थोडा पुठ्ठा जाळून खातो, हे मी विसरलेच होते. मग उरल्यासुरल्या तुकड्यावर ३.४ पासून ४ पर्यंतच्या खाचा कंगव्यासारख्या कापल्या. ३.६ला पुठ्ठा किंचित दबला आणि घट्ट बसला. उभ्या फळ्यांत पन्हळी उभ्याच ठेवल्या. भार त्याच पेलतात. बोटांना काजळी, खोलीभर जळका वास. वरच्या कप्प्यात जाडजूड शब्दकोश ठेवला. मांडणी हलली नाही. आई लांबूनच म्हणाली, “छान झालीय. पावसाळ्यात बघू.”